श्लीमान, हाइन्रिख : प्रौढ वयातील भाषाध्ययन

(६ जानेवारी १८२२–२६ डिसेंबर १८९०). ट्रॉय व मायसीनी येथील उत्खननांमुळे विख्यात झालेला जर्मन पुरातत्त्वज्ञ. उत्खननाकडे वळण्यापूर्वी तो व्यापारी होता आणि त्याचा व्यापार मुख्यत्वे परभाषांच्या ज्ञानावर उभा होता. विसाव्या वर्षानंतर, परदेशात राहून व उदरनिर्वाह सांभाळून त्याने अनेक भाषा आत्मसात केल्या. भाषाध्ययनाच्या संदर्भात त्याचे उदाहरण वारंवार दिले जाते. मात्र त्याचे स्वतःचे कथन आणि उपलब्ध पुरावा यांतील अंतर त्या वेळी बहुधा दुर्लक्षिले जाते.

श्लीमानचा जन्म मेक्लनबुर्कमधील नॉइबुको येथे एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबात झाला. घरच्या विपन्नावस्थेमुळे चौदाव्या वर्षी शिक्षण सोडून त्याला फ्यूर्स्टनबेर्क येथील किराणा दुकानात उमेदवारी करावी लागली. १८४१ मध्ये व्हेनेझुएलाकडे निघालेले त्याचे जहाज डच किनाऱ्याजवळ फुटले आणि तो ॲम्स्टरडॅमला पोहोचला. तेथील एका पेढीत हुंड्यांवर शिक्के मारणे व टपालाची ने-आण करणे, अशी कामे त्याला मिळाली. वर्षाला ८०० फ्रँक मिळत. त्यांपैकी निम्मे आपण अभ्यासावर खर्च करीत असू व शेकोटी नसलेल्या माळ्यावरील खोलीत राहत असू, असे तो सांगतो. त्याच्या कामाला बुद्धी फारशी लागत नसे, हे एका परीने त्याच्या पथ्यावरच पडले.

इंग्रजीपासून त्याने आरंभ केला. त्याची पद्धत अशी : पुष्कळ मजकूर मोठ्याने वाचावा, भाषांतर मुळीच करू नये, रोज एक तास धडा घ्यावा, आवडीच्या विषयावर निबंध लिहून तो शिक्षकाकडून तपासून घ्यावा आणि दुरुस्त केलेला मजकूर पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवावा. उच्चार सुधारण्यासाठी तो रविवारी दोनदा इंग्रजी प्रार्थनामंदिरात जाऊन प्रवचनकाराचे शब्द हलक्या आवाजात पुन्हा उच्चारीत असे. गोल्डस्मिथची व्हिकार ऑफ वेकफील्ड आणि स्कॉटची आयव्हॅन्हो या कादंबऱ्या त्याने मुखोद्गत केल्या. टपालकचेरीतील रांगेत वा पावसात निरोप पोहोचविताना हातात पुस्तक असे. इंग्रजीला सहा महिने व फ्रेंचला सहा महिने लागले. त्यानंतर डच, स्पॅनिश, इटालियन व पोर्तुगीज या भाषांना प्रत्येकी सहा आठवडे पुरले, असा त्याचा दावा आहे.

रशियन भाषेचा प्रसंग विशेष बोलका आहे. १८४४ मध्ये तो श्रोडर यांच्या पेढीत नोकरीस लागला. ही पेढी रशियाशी नीळ वगैरे मालाचा व्यापार करी. ॲम्स्टरडॅममध्ये रशियनचा शिक्षक मिळेना. तेव्हा जुने व्याकरण, कोश आणि फेनलाँच्या तेलेमाकचे रशियन भाषांतर एवढ्यावर त्याने अभ्यास सुरू केला. समोर श्रोता असल्यास प्रगती जलद होते, या समजुतीने त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एका गरीब ज्यू गृहस्थाला रोज संध्याकाळी दोन तास आपले पाठांतर ऐकण्यास बसविले. त्या गृहस्थाला रशियनचा एक शब्दही कळत नव्हता. डच घरांची तक्तपोशी पातळ असल्याने या आरडाओरड्याबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या व श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. नीळीच्या लिलावासाठी आलेल्या रशियन व्यापाऱ्यांशी तो लवकरच त्यांच्या भाषेत बोलू लागला आणि जानेवारी १८४६ मध्ये पेढीने त्याला सेंट पीटर्झबर्ग येथे आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले. पुढील संपत्तीचा उगम येथे आहे.

रशियात असतानाच त्याने स्वीडिश व पोलिश भाषांचा अभ्यास केला. ग्रीककडे तो १८५६ मध्ये वळला. होमरच्या मोहिनीने व्यापारावरील लक्ष उडेल या भीतीने आपण ती इतकी वर्षे दूर ठेवली, हे त्याचे स्पष्टीकरण. आधुनिक ग्रीक आधी व प्राचीन ग्रीक नंतर, हा त्याचा क्रम तत्कालीन शाळांच्या अगदी उलट होता. त्याच्या ग्रीक शिक्षकांपैकी थिओक्लिटॉस व्हिंबॉस यानेच पुढे त्याच्यासाठी वधू शोधली : १८६९ मध्ये सतरा वर्षांच्या सोफिया एंगास्ट्रोमेनॉसशी सत्तेचाळीस वर्षांच्या श्लीमानचा अथेन्समध्ये विवाह झाला. ईजिप्तच्या प्रवासात अरबी व हिसार्लिकच्या उत्खननकाळात तुर्की, अशी त्यात भर पडली.

वरील वृत्तांताचा बराच भाग इलिऑस (१८८०) या ग्रंथाच्या आरंभी असलेल्या त्याच्या आत्मवृत्तावर आधारलेला आहे, आणि हे आत्मवृत्त जपूनच वाचावे लागते. १९७२ मध्ये विल्यम कॅल्डर या अमेरिकन अभ्यासकाने त्यातील विसंगती उघडकीस आणल्या. डेव्हिड ट्रेल याने त्यांत भर घातली. सॅन फ्रॅन्सिस्कोतील १८५१ च्या मेमधील आगीचे वर्णन श्लीमानच्या दैनंदिनीत जूनच्या नोंदीत प्रत्यक्षदर्शी म्हणून आढळते. रॉस्टॉक विद्यापीठाच्या पदवीसाठी त्याने संपूर्ण प्रबंध प्राचीन ग्रीकमध्ये लिहिला, ही आख्यायिकाही खरी नाही. १८६९ मध्ये त्याने तेथे पाठविले ते फ्रेंच आत्मवृत्त व त्याची लॅटिन आणि ग्रीक भाषांतरे. त्यांतील ग्रीक परीक्षकाला सदोष वाटले. सहा आठवड्यांचा हिशेबही म्हणूनच शब्दशः घेता येत नाही. शिवाय जर्मन जाणणाऱ्याला डच आणि फ्रेंच जाणणाऱ्याला इटालियन वा पोर्तुगीज शिकणे तुलनेने सोपे जाते. या बाबीचा तो उल्लेख करीत नाही.

तथापि भाषाज्ञान ही त्याची निव्वळ बढाई नव्हती. ज्या देशात प्रवास चालू असे त्या देशाच्या भाषेत दैनंदिनी लिहिण्याची त्याची सवय होती. अमेरिकेतील नोंदी इंग्रजीत व काही स्पॅनिशमध्ये आहेत. ईजिप्तमध्ये त्याने अरबीतही लिहिले. या लेखनात चुका आहेत, पण व्यवहार अडेल इतक्या नाहीत. प्रकाशनाचा हेतू नसलेले हे लेखन आत्मवृत्तापेक्षा अधिक विश्वसनीय मानावे लागते. त्याच्या अठरा दैनंदिन्या व हजारो पत्रे अथेन्समधील गेनाडियस ग्रंथालयात जतन केलेली आहेत.