मलेरीची लाल माती आणि नागपूरचा पाद्री

नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज ठाऊक असतेच. पण ज्याचे नाव त्या कॉलेजला दिले तो हिस्लॉप कोण, असे विचारले तर "असेल कुणीतरी मिशनरी" एवढेच उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नाही. स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळील डन्स या गावी १८१७ साली जन्मलेला स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात पाद्री म्हणून आला. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. त्याने शाळा काढली, धर्मप्रचार केला, गोंडांच्या चालीरीती आणि गाणी टिपून ठेवली. याशिवाय त्याला दगडांचे वेड होते. त्या वेडापायीच त्याचे नाव बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याला कायमचे चिकटले.

हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हे दोघे नागपूरच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली या गावच्या तांबड्या वालुकाश्मात त्यांना एका उभयचर प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली. ती लंडनला पोहोचली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. आज ती साऊथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे. तिथे मुलांना डायनासोर दाखवायला आपण सगळेच जातो, पण त्या इमारतीत विदर्भाचाही एक रहिवासी आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

खरा खजिना मात्र आणखी दक्षिणेला, प्राणहिता नदीच्या खोऱ्यात होता. नदीच्या एका तीरावर आजचा आपला गडचिरोली जिल्हा, तर दुसऱ्या बाजूला त्या वेळचा निजामाचा मुलूख आणि आताचे तेलंगण. त्या बाजूला मलेरी नावाचे खेडे आहे. जुन्या कागदपत्रांत ते 'मलेदी' असेही लिहिलेले आढळते. इथली लाल चिकणमाती आणि तिच्यामधले वाळूचे पट्टे ही ट्रायासिक काळातल्या नद्यांनी व उथळ डबक्यांनी टाकलेली गाळमाती आहे. भूशास्त्रज्ञ तिला 'मलेरी फॉर्मेशन' म्हणतात. हिस्लॉपला इथले माशांचे दात मिळाले. हे दात सेरॅटोडस नावाच्या, फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशाचे होते. थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांच्या तीन जाती ठरवल्या. एकीला हिस्लॉपचे नाव दिले, दुसरीला हंटरचे, आणि तिसरीचे नाव ठेवले 'विरापा'. हे नाव साहेबी नाही, आपल्याकडच्या दाक्षिणात्य माणसाचे वाटते. त्या काळी उन्हातान्हात खडक फोडणाऱ्या देशी माणसांची नावे शास्त्रीय लिखाणात क्वचितच येत. म्हणून या तिघांमध्ये मला विरापाचेच अप्रूप अधिक वाटते.

आता थोडे स्कॉटलंडकडे जाऊ. उत्तरेला एल्गिनजवळ फिकट वालुकाश्माच्या खाणी आहेत. हा दगड फार जुना, माशांच्या युगातला, असे मर्चिसनसारखे बडे भूशास्त्रज्ञ मानत. तिथल्या खवल्यांच्या ठशांना लुई अगासिझ यांनी १८४४ मध्ये मासा ठरवून 'स्टॅगोनोलेपिस' असे नाव दिले होते. १८५९ मध्ये हक्सली यांनी दाखवून दिले की तो मासा नसून मगरीसारखा सरपटणारा प्राणी आहे. त्याच खाणीत हायपरोडॅपेडॉनही सापडला. पोपटासारखी चोच, जबड्यात दातांच्या ओळीच ओळी आणि बसके, जाडजूड शरीर असा हा शाकाहारी प्राणी होता. इतक्या जुन्या दगडात इतके प्रगत सरडे कसे, यावर मोठा वाद झाला. पुढे तोच प्राणी वॉरिक आणि डेव्हनच्या ट्रायासिक खडकांत निघाला. मलेरीहून आलेल्या हाडांतही हक्सलींना तोच ओळखू आला. १८६९ मध्ये त्यांनी हे सारे एकत्र मांडले. एका चोचीच्या प्राण्यामुळे एल्गिनच्या आणि मलेरीच्या, दोन्ही खडकांचे वय ठरले! ट्रायासिक काळी सगळे खंड एकमेकांना जोडलेले होते, म्हणून तो दोन्हीकडे होता. पण हे कळायला अजून बराच काळ जायचा होता.

हिस्लॉपला यातले काहीच पाहता आले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात तो वाहून गेला. वय जेमतेम सेहेचाळिशीच्या घरात.

१८८५ मध्ये लायडेकर यांनी मलेरीच्या एका सुसरीसारख्या प्राण्याला 'पॅरासुकस हिस्लोपी' असे नाव दिले. पण ज्या तुकड्यांवरून ते दिले ते अपुरे होते, शिवाय त्यांत दुसऱ्या प्राण्याची हाडेही मिसळली होती. त्यामुळे नाव टिकेल की नाही अशी शंका होती. मग १९५० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावले आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. (संख्याशास्त्राच्या संस्थेत सांगाडे कशाला, हा प्रश्न महालनोबिसांना पडला नाही, हे आपले भाग्य.) त्यातूनच पॅरासुकसचे जवळजवळ पूर्ण सांगाडे हाती आले. शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. दोन सांगाड्यांच्या पोटात तर मलेरीसॉरस नावाच्या लहान प्राण्याचे अवशेष, म्हणजे शेवटचे जेवण, तसेच होते. २००३ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने यांतलाच एक सांगाडा प्रमाण नमुना म्हणून मान्य केला आणि हिस्लॉपचे नाव वाचले.

मलेरीची माती अजून संपलेली नाही. २०२५ मध्ये तिथल्या वरच्या थरातल्या एका मांसाहारी डायनासोरला 'मलेरीरॅप्टर कुट्टी' हे नाव देण्यात आले. ही हाडे इन्स्टिट्यूटच्या टी. एस. कुट्टी यांनी खूप आधी गोळा केलेली होती. विरापाच्या ओळीत आणखी एक नाव बसले.