वारसा आणि १६३२ मते

पूर्णा जंक्शनवरून एक लोहमार्ग वसमत, हिंगोलीमार्गे अकोल्याला जातो. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. त्यामुळे कळमनुरीचे राजीव सातव आम्हा पूर्णेकरांना परके कधी वाटले नाहीत.

त्यांचा जन्म १९७४ चा. आई रजनीताई आमदार व राज्यमंत्री होत्या. घरात सत्ता असूनही राजीवरावांनी पंचायत समितीपासून सुरुवात केली. पुढे जिल्हा परिषद, २००९ मध्ये आमदारकी, २०१० मध्ये युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्षपद.

२०१४ च्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसला दोनच मिळाल्या : नांदेडला अशोक चव्हाण, हिंगोलीला सातव. दोघेही घराण्याचे वारस. पण सातवांचे मताधिक्य अवघे १६३२! उमेदवारी वारशाने मिळते, मते वस्त्यावस्त्यांतून, मोहल्ल्यांतून गोळा करावी लागतात. ‘आपल्या एका मताने काय होणार?’ म्हणणाऱ्या आमच्या बांधवांनी हा आकडा विसरू नये.

२०२० मध्ये ते राज्यसभेवर बिनविरोध गेले; परभणीच्या फौजिया खानही त्याच वेळी. त्याच सप्टेंबरात कृषी विधेयकांवरील गदारोळात निलंबित झालेल्या आठ खासदारांत सातव होते. १६ मे २०२१ रोजी कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने ४६ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी पत्नी प्रज्ञाताई विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आल्या.

घराण्याला दार लवकर उघडते, हे खरेच. ज्यांच्यामागे घराणे नाही, त्या आमच्या मुलामुलींनी निदान पंचायत समितीची पायरी तरी चढावी.