डिंक पाण्यात विरघळतो, चीक नाही

हाऊसकीपिंगच्या पहिल्याच नाइट ड्यूटीला मी कार्पेटवरच्या एका च्युइंगमवर कढत पाणी ओतलं. नवी मुंबईतलं ऑफिस, सहावा मजला, राखाडी कार्पेट. मीटिंगच्या खोलीत टेबलाखाली नाण्याएवढा काळपट गोळा चिकटलेला. घरी कशाला काही चिकटलं की गरम पाणी आणि घासणी, एवढंच मला ठाऊक होतं. ब्रशने घासत गेलो तसा गोळा मऊ झाला, पसरला, आणि दहा मिनिटांत नाण्याचा तळहात झाला.

सुपरवायझर ताई शहापूरकडच्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “पाणी कशाला घातलंस रे? डिंक आहे का तो?”

तेव्हा मला वाटलं, डिंकच तर आहे. गम म्हणजे डिंक. बाईंच्या प्रश्नात रसायनशास्त्राचा अख्खा धडा होता, हे कळायला मला वर्षभर लागलं.

मी टोकावड्याचा. कल्याणहून मुरबाड मागे टाकून माळशेज घाटाकडे निघालात की रस्त्यावर आमचं गाव लागतं. आमच्याकडे झाडातून निघणाऱ्या चिकट वस्तूंची दोन वेगळी नावं आहेत. धावड्याचा, बाभळीचा तो डिंक. फणसाचा, उंबराचा, रुईचा तो चीक. डिंक पाण्यात टाकला की फुगतो, विरघळतो. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक तोंडात विरतो तो त्यामुळेच. चिकाला मात्र पाण्याची फिकीर नाही. फणस फोडताना आजी आधी हाताला आणि कोयत्याला खोबरेल तेल चोळायची, आणि तरीही चिकटलेला चीक पुन्हा तेलानेच काढायची. पाण्याचा तांब्या शेजारी असला तरी त्याला हात लावायची नाही.

च्युइंगमचं इंग्रजी नाव ‘गम’ असलं तरी आमच्या हिशेबाने तो चीक आहे. नावाने फसवलं ते इथे. आणि तो कुठल्या झाडाचा चीक, हे वाचलं तेव्हा मी रात्रीच्या डब्याचा घास हातात धरून बसून राहिलो. चिकूचा.

2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर डहाणू-घोलवड आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथले चिकू कल्याणच्या बाजारात यायचे आणि तिथून आमच्या घरी. ‘चिकू’ हे नाव मराठी चिकावरून पडलं असेल असं मला लहानपणी वाटायचं. नाव आणि फळ दोन्ही परदेशी आहेत. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, युरोपियनांच्या जहाजांतून आशियात आलेलं. आपण त्याचं फळ खाल्लं. तिकडच्या माया आणि अ‍ॅझटेक लोकांनी त्याचा चीकही चघळला. त्या चिकाला तिकडे ‘चिक्ले’ म्हणतात.

त्याचा कारखान्यातला माल कसा झाला, ती गोष्ट मजेशीर आहे. मेक्सिकोचा पदच्युत सत्ताधीश सांता आन्ना 1860च्या दशकात न्यूयॉर्कजवळ आश्रयाला होता. चिक्लेपासून स्वस्त रबर होईल आणि ते गाडीच्या चाकांना वापरता येईल, असं त्याच्या डोक्यात होतं. थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने ते करून पाहिलं. रबर काही झालं नाही. मग अ‍ॅडम्सने तोच चीक चघळायला विकला आणि 1871 साली गम बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चाकाला चिकटायला निघालेली वस्तू अशी दाताला लागली. पुढे साबण आणि बेकिंग पावडर विकता विकता रिग्ली या धंद्यात उतरला आणि 1893 साली त्याचे ज्युसी फ्रूट आणि स्पिअरमिंट बाजारात आले.

इतिहासात नाव राहिलं ते अ‍ॅडम्सचं आणि रिग्लीचं. जंगलात चीक काढणाऱ्यांना ‘चिक्लेरो’ म्हणत. कमरेला दोर बांधून झाडावर चढायचं, कोयत्याने सालीवर नागमोडी चिरा द्यायच्या, खाली पिशवीत चीक गोळा करायचा, तळावर मोठ्या भांड्यात आटवून त्याच्या वड्या पाडायच्या. पावसाळाभर हे काम चाले, कारण चीक तेव्हाच चांगला वाहतो.

हे वाचताना मला सारखे आमच्याकडचे कातकरी आठवत होते. मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमध्ये त्यांची वस्ती आहे, आणि त्या जमातीला नावच मिळालं ते पानात घालायच्या कातावरून. खैर तोडायचा, आतल्या लाल लाकडाच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांतून उकळायच्या आणि तो रस घट्ट होईपर्यंत आटवायचा. इकडे मडकी, तिकडे कढया. दोन्हीकडे जंगलात चूल पेटवून दुसऱ्यांनी चघळायचा माल आटवणारी माणसं. 1878च्या वन कायद्याने सरकारचा जंगलावरचा ताबा पक्का होत गेला, तसा खैर कातकऱ्यांच्या हातून सुटला. मागे राहिली ती कोळशाची भट्टी, वीटभट्टी आणि मालकाच्या आगाऊ रकमेचं ओझं. कात गेला, नाव राहिलं.

चिक्लेरोंचा धंदा कायद्याने बसला नाही, तो रसायनाने बसला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात च्युइंगम असे. सैनिक जिथे गेले तिथे त्याची चटक लागली. एवढी मागणी पुरवायला जंगल पुरेना. मग कंपन्या खनिज तेलापासून बनवलेल्या कृत्रिम रबराकडे वळल्या. आज बहुतेक गममध्ये चिकूचा चीक नसतो. त्यात पॉलिआयसोब्युटिलिन किंवा स्टायरिन-ब्युटाडाइन यांसारखे पदार्थ असतात. साखर आणि वास लाळेत विरघळून पोटात जातात, उरतं ते हे रबर. ते दातांनी तुटत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि सहजासहजी कुजतही नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात सेंटर फ्रेश, बूमर, बिग बबूल आले. टोकावड्याच्या टपरीवर बरणीत ते पानाच्या शेजारीच असायचे. ऑफिसच्या दारात मात्र दोघांची वाट वेगळी होते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. आमच्या गेटवर सिक्युरिटीवाला आम्हा कामगारांचे खिसे चाचपतो, तंबाखूची पुडी सापडली तर बाहेर ठेवायला लावतो. च्युइंगमला कोणी अडवत नाही. ते चघळणारा माणूस स्वच्छ समजला जातो. कातामुळे पानाची पिंक पडल्याबरोबर लाल दिसते, म्हणून पानवाला लगेच पकडला जातो. गम पडताना दिसत नाही. दिवसभर त्यावरून बूट जातात, धूळ बसते, आणि तो काळा पडतो तेव्हा मजल्यावर फक्त आम्ही असतो.

सिंगापूरने हा प्रश्न वेगळ्या टोकाला नेला. तिथल्या मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर लोक गम चिकटवायचे, दारं अडायची, गाड्या खोळंबायच्या. 3 जानेवारी 1992 पासून तिथे च्युइंगमच्या विक्रीवरच बंदी आली. 2004 मध्ये औषधी गमपुरती ती सैल झाली. आम्हाला असली बंदी नको. पण कधीतरी एका सरकारने खरवडण्याचा खर्च मोजला होता, एवढं वाचून बरं वाटलं.

आता ताईंनी शिकवलेली रीत सांगतो. गम कोमट असला की ताणला जातो, थंड पडला की काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून आधी बर्फ. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा, म्हणजे कार्पेट भिजत नाही. कंपनीने दिला असेल तर गोठवणारा स्प्रे, तो काही सेकंदांत काम करतो. गोळा कडक झाला की बोथट स्क्रॅपरने कडेकडून मध्याकडे यायचं. मध्यातून बाहेर गेलं तर डाग वाढतो. तुकडे लगेच व्हॅक्यूमने ओढायचे, नाहीतर ते पुन्हा मऊ होऊन नव्या जागी चिकटतात. धाग्यांत उरलेल्या चिकटपणाला संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनवलेलं द्रावण. ते कार्पेटवर ओतायचं नाही, पांढऱ्या फडक्यावर घ्यायचं, टिपायचं, घासायचं नाही. शेवटी ओल्या फडक्याने द्रावणही टिपून काढायचं, कारण ते राहिलं तर त्यावर धूळ धरते.

ओतायचं का नाही, यालाही कारण आहे. पुष्कळ कार्पेटच्या पाठीला धागे धरून ठेवायला स्टायरिन-ब्युटाडाइनचाच लेप असतो. म्हणजे वर चिकटलेला गम आणि खालचा लेप, दोघं एकाच कुळातले. जे द्रावण गम सोडवतं ते जास्त झालं तर कार्पेटची पाठही सोडवतं. चीक काढायला तेल लागतं हे आजीला माहीत होतं. तेल किती लागतं ते मला ताईंनी शिकवलं.

माझ्या कढत पाण्याचा तळहात मात्र निघालाच नाही. आमचं कार्पेट चौकोनी तुकड्यांचं होतं. सकाळी तो तुकडा उचलून नवा बसवला आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले. गम कोणी टाकला, हे कोणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, त्या खोलीत दिवसातून शंभर माणसं बसून जातात.

सुट्टीला घरी गेलो तेव्हा फणसाचे दिवस होते. आजीला ही हकीकत सांगितली. तिने तेलाचा हात पदराला पुसला आणि विचारलं, “मग ते चघळून झाल्यावर कागदात का नाही गुंडाळत?”

च्युइंगम येतो तोच कागदात. तो कागद खिशात ठेवायचा, एवढंच.