उपासाचं ताट आणि चंद्रोदयाची वेळ

अंगारकी चतुर्थीला ठाकुर्ली स्टेशनवर एरवी मुंबईकडे निघणारी बरीच माणसं उलट्या दिशेची गाडी धरतात. कल्याणला गाडी बदलायची, शहाड आणि आंबिवली मागे टाकायची, की आलं महागणपतीचं टिटवाळा. उपास सुटतो तो चंद्रोदयानंतर, महिन्यागणिक रात्री आठ ते दहाच्या दरम्यान कधीतरी. पूर्वी पंचांगात शोधावी लागणारी ही वेळ १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं आणि घरोघरच्या भिंतीवर आली. पावसाळ्यात चंद्र दिसला नाही तरी आता कुणाचं अडत नाही.

अडतं ते मधुमेहाची गोळी घेणाऱ्याचं. सकाळपासून चौदा-पंधरा तासांचा पल्ला, मध्ये चहा, कुणाचा निर्जळी हट्ट, तर कुणाची बशीभर साबुदाण्याची खिचडी.

ही खिचडी जुन्या परंपरेची म्हणून खाल्ली जाते, पण तिचा इतिहास गमतीदार आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली मंडळी. राजगिऱ्याचं मूळही तिकडचंच. साबुदाणा मुळात आग्नेय आशियातल्या साबूच्या झाडाच्या गाभ्यापासून बने. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आयात तुटली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलममध्ये टॅपिओकाच्या कंदापासून तो बनू लागला. तो कंदही पुन्हा अमेरिकेचाच! भात आणि पोळी वर्ज्य करणाऱ्या उपासाने या परदेशी पाहुण्यांना मात्र पाटावर बसवलं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशीहून अधिक ग्रॅम पिष्ट असतं. प्रथिनं आणि तंतू नावालाच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रक्तातल्या साखरेलाही लागू पडते.

पण मधुमेही उपासकाचा खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याचा, आणि हा धोका आधुनिक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरने मधुमेहींना उपाशी ठेवणं हाच उपचार ठरवला होता. रोग्यांचं आयुष्य थोडं लांबे, काही मात्र भुकेनेच खंगून जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि चित्र पालटलं. १९५० च्या दशकात सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आल्या. ही औषधं पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतात. जो उपास एकेकाळी औषध होता, तोच औषधामुळे जोखमीचा झाला.

या जोखमीचं मोठं मोजमाप झालं ते रमजानच्या रोज्यांवर, आणि कल्याण-भिवंडीच्या मोहल्ल्यांना ते जवळचं आहे. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. इस्पितळात न्यावं लागेल इतकी साखर उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये टाइप १ च्या रुग्णांत सुमारे पावणेपाच पट, तर टाइप २ मध्ये साडेसात पट वाढल्याचं त्यात दिसलं. पुढे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या, २०२१ मध्ये सुधारल्या गेल्या. रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्याच क्षणी सोडायचा, असं त्या स्पष्ट सांगतात. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही.

संकष्टी किंवा नवरात्राचा उपास करणाऱ्याचं शरीर काही वेगळं नसतं. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीसाठी नऊ दिवस नुसत्या फळांवर राहणाऱ्यालाही ७० आणि ३०० च्या या मर्यादा लागू आहेत. शास्त्राची आडकाठी म्हणावी, तर तीही नाही. पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याबरोबर औषधानेही व्रत भंगत नाही, असं जुनं वचन आहे. व्रतांवर विस्ताराने लिहिणारे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’कार पां. वा. काणे यांच्या वाचकांना ते नवं नाही. कुराणही आजाऱ्याला रोज्यातून सूट देतं. हट्ट धरतात ती माणसं, बहुधा घरातली वडीलधारी, आणि त्यांना समजावणं सुनेपेक्षा डॉक्टरला सोपं जातं.

म्हणून बोलणं आधी व्हावं, चतुर्थीच्या सकाळी नव्हे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याने मात्रा आणि वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. टाइप १ चे रुग्ण, गर्भवती, मूत्रपिंड बिघडलेले, नुकतीच साखर उतरून गेलेले यांनी कडक उपास टाळावाच. बाकीच्यांना साबुदाण्याऐवजी दही, ताक, मूठभर दाणे, मापात राजगिरा किंवा वरई असा मार्ग निघू शकतो. पाणी मात्र सोडू नये.

टिटवाळ्याच्या गाडीत घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सोबत्याने चंद्रोदयाची वेळ पाहत बसू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी बोट टोचून पुन्हा पाहावं, आणि साखर वर आली की पोटभर खायला घालावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.