किती रंग मावले, की किती प्रकाश सांडला?

पाचूबंदरला बोट लागली की मासळीची निवडणी सुरू होते. बोंबील एका टोपलीत, कोळंबी दुसऱ्या, मांदेली तिसऱ्या. फायबरमधल्या तरंगलांबी-मल्टिप्लेक्सिंगचं कामही असंच आहे. एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचा, म्हणजे वेगवेगळ्या 'रंगांचा' प्रकाश पाठवायचा आणि टोकाला एकेक रंग निवडून काढायचा. हा इतिहास वाचताना तुम्हाला 'किती रंग मावले' हे सगळीकडे सापडेल. 'निवडताना किती सांडलं' हे मात्र शोधावं लागतं.

आधी माप समजून घ्या. ३ डीबी गेले म्हणजे अर्धा प्रकाश गेला, १० गेले म्हणजे दहावा भागच उरला. १९७० साली कॉर्निंगमध्ये मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी केलेल्या तंतूत किलोमीटरला १७ डीबी जायचे. १९७९ मध्ये जपानमध्ये हा आकडा ०.२ वर आला. गंमत बघा, त्याच वर्षी पुण्यात शहरातली टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी भारतातली पहिली फायबर लाइन सुरू झाली.

मग आता अडचण कुठे आहे? हिशेब करू. वसई रोड ते चर्चगेट रेल्वेने सुमारे ५२ किलोमीटर. तेवढ्या तंतूत साधारण साडेदहा डीबी जातील. पण आठ रंग साध्या कपलरने एकत्र केले, तर प्रत्येकाचा आठवा भागच पुढे जातो, म्हणजे ९ डीबी तिथेच संपले. पलीकडे तसेच वेगळे केले की आणखी ९. प्रवासापेक्षा दोन टोकांची खोकीच जास्त प्रकाश खातात!

म्हणून रंग ओळखणारे घटक आले. पातळ थरांचा फिल्टर आपला रंग आत घेतो आणि बाकीचे परावर्तित करतो. १९८८ मध्ये नेदरलँड्सच्या माइंट स्मिट यांनी कमी-जास्त लांबीच्या वाटांची चिप मांडली. प्रत्येक रंग तिच्यात वेगळ्या जागी एकवटतो.

लांब पल्ल्याच्या लाइनला १९८७ च्या एर्बियम प्रवर्धकाने तारलं. शहरी जाळ्याचं तसं झालं नाही. २००२ मध्ये आयटीयूने स्वस्त लेझर चालावेत म्हणून २० नॅनोमीटर अंतराचे रंग ठरवले. ते पसरले १२७० पासून १६१० पर्यंत, आणि नेहमीचा एर्बियम प्रवर्धक सांभाळतो जेमतेम ३५ नॅनोमीटर. म्हणजे इथे गेलेला प्रकाश सहज परत मिळत नाही.

त्यातून एक साधी युक्ती रुळली. फिल्टर एकामागे एक लावले की शेवटच्या रंगाला सगळ्यांना आपटत जावं लागतं आणि त्याचं नुकसान सर्वात जास्त होतं. मग दुसऱ्या टोकाला क्रम उलटा लावायचा. एकीकडे शेवटी असलेला रंग दुसरीकडे पहिला निघतो आणि सगळ्यांचा भार जवळपास सारखा होतो. खर्च शून्य.

तेव्हा पेपर हातात आला की आधी नुकसानाचा तक्ता उघडा. आकडा सरासरीचा आहे की सगळ्यात वाईट चॅनेलचा? त्यात कनेक्टर धरलेत का? सरासरी कितीही छान असली, तरी लाइन बंद पडते ती त्या एका वाईट चॅनेलवर. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.