नावेत बसलेला निरीक्षक

नॉर्बर्ट वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. नाव कलली की सुकाणू वळवायचे, वळवल्याचा परिणाम पाहून पुन्हा वळवायचे, हे या शास्त्राचे मूळ चित्र. मात्र सुकाणू धरणारा स्वतःही त्याच नावेत असतो, याचे भान शास्त्राला सावकाश आले. त्या प्रवासात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

व्हिएन्नात जन्मलेल्या हाइन्त्स फॉन फोर्स्टर यांनी १९५८मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘बायॉलॉजिकल कॉम्प्युटर लॅबोरेटरी’ स्थापन केली. १९६०मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोकसंख्यावाढीचे एक समीकरण मांडले. माणसे परस्परांशी संवाद साधून, तंत्रे घडवून निसर्गावर मात करतात, म्हणून ही वाढ इतर प्राण्यांहून वेगळी, असे त्यामागचे गृहीतक होते. त्यानुसार १३ नोव्हेंबर २०२६ रोजी लोकसंख्या अनंत व्हायची होती! पुढे जननदर घटले आणि वाढ मंदावली. पण माणूस, तंत्र आणि निसर्ग एकाच विचारात आले होते.

याच वातावरणात विद्यार्थ्यांनी फॉन फोर्स्टर आणि संगीतकार हर्बर्ट ब्रून यांच्या अभ्यासक्रमातून १९६९मध्ये ‘होल युनिव्हर्सिटी कॅटलॉग’ सिद्ध केला. १९७०मध्ये पर्यावरणविषयक संदर्भपुस्तक आले आणि १९७४मध्ये ‘सायबरनेटिक्स ऑफ सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ. वर्गाने उत्तरपत्रिका लिहिण्याऐवजी पुस्तक रचावे, ही कल्पनाच त्या शास्त्राशी सुसंगत होती. पाहणारा पाहिल्या जाणाऱ्या व्यवस्थेचा भाग असतो, हे ‘द्वितीय श्रेणीच्या’ सायबरनेटिक्सचे सूत्र. नदीचा अभ्यास करणारा त्याच नदीचे पाणी पितो. तसा शिकणाराही शिक्षणव्यवस्थेबाहेर उभा नसतो.

फॉन फोर्स्टर यांचा परीक्षेवरील आक्षेप येथूनच उगवतो. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो प्रश्न त्यांच्या मते खरा प्रश्नच नव्हे. अशा प्रश्नांना ठरावीक उत्तरे देणारा विद्यार्थी ठरावीक यंत्र होतो, आणि पूर्ण गुण म्हणजे हे यांत्रिकीकरण पूर्ण झाल्याचा दाखला.

लष्करी संस्थांकडून येणारा निधी आटला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास प्रयोगशाळा बंद पडली. विद्यार्थ्यांचे ग्रंथ मात्र उरले. दरवर्षी ‘आदर्श उत्तरे’ समोर ठेवून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणा अध्यापकांना ते अजूनही अस्वस्थ करतात. कवितेवरचा आपला प्रश्न खरा असतो का? सुकाणू आपल्या हाती आहे, आणि नावेत आपणही आहोत.