हत्यार घडवणारे हत्यार

२०१६ च्या जून महिन्यातली गोष्ट. घाटकोपरच्या ज्या उर्दू शाळेत मी तेव्हा शिकवत होतो, तिथल्या संगणकाच्या खोलीत सहा जुनी यंत्रे होती. विंडोजचे परवाने घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने त्यांवर डेबियन लिनक्स बसवून दिले होते. मराठी मजकूर नीट दिसायचा. उर्दू मात्र नस्तालीक लिपीत उघडली की नुक्ते भरकटायचे. एक नुक्ता जागेवरून हलला की ‘ख़ुदा’चा ‘जुदा’ होतो. चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका छापायची होती आणि पडद्यावर अशा कितीतरी चुका नाचत होत्या.

त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, हर्फबझची नवी आवृत्ती लावून बघा. सोर्समधून बनवावी लागेल. मी पेनड्राइव्ह पाठवतो.” हर्फबझ म्हणजे अक्षरे एकमेकांना कशी जोडायची, नुक्ता कुठे बसवायचा हे ठरवणारा प्रोग्राम. नाव फारसीतून आलेले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज़’ म्हणजे खुले. बेहदाद इस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने तो वाढवला. आज अँड्रॉइड फोनवर आपण मराठी किंवा उर्दू वाचतो, तेव्हा पडद्यामागे बहुधा तोच राबत असतो.

पेनड्राइव्ह आला. सांगितल्याप्रमाणे ‘कॉन्फिगर’ची आज्ञा दिली. काही ओळी धावल्या आणि यंत्र थांबले. शिपाईमामा म्हणाले, “मशीन खराब झाली, सर.” नववीतली एक मुलगी मात्र शेवटची इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचत होती. तिने ती आपल्या भाषेत सांगितली, “सर, ये तो बोल रहा है के बनानेवाला ही नहीं है.”

ओळीचा अर्थ तोच होता. यंत्रात सी भाषेचा कंपायलर सापडत नव्हता.

कापड आहे, मशीन नाही

आपण नेहमी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे शिवून तयार असलेला सदरा. सोर्स म्हणजे कापलेले कापड आणि मापाचा कागद. कंपायलर हे शिलाई मशीन. ते माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवते. कापड फुकट मिळाले, माप मिळाले, पण घरात मशीन नसेल तर सदरा अंगावर येत नाही.

हा प्रसंग मला नवा होता, पण मुंबईच्या इतिहासात नवा नव्हता. बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र शिकवले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात कंपायलर बाजूला ठेवला आणि गणपत कृष्णाजींची गोष्ट सांगितली.

अमेरिकन मिशनने १८१६-१७ च्या सुमारास मुंबईत छापखाना सुरू केला आणि मराठी पुस्तके छापायला सुरुवात केली. ती पुस्तके पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाला वाटले, आपलेही ग्रंथ असे छापले पाहिजेत. इच्छा होती, मजकूर होता, वाचकही होते. नव्हती ती साधने. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांची हकिगत नोंदवली आहे. गणपत कृष्णाजींनी स्वतः लाकडाचे यंत्र तयार केले. दगडाचा लहानसा तुकडा मिळवून त्यावर छापून पाहिले. शाई स्वतःच करून पाहिली. हात बसल्यावर लोखंडी यंत्र आणले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. पुढे अक्षरांचे खिळेही त्यांनी स्वतः पाडले.

यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. चांगले यंत्र मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. आधी काम चालण्यापुरते ओबडधोबड यंत्र केले, त्यावर शिकले आणि मग चांगल्या यंत्राकडे गेले. संगणकाच्या जगात कंपायलर जन्माला येतो, तोही असाच.

कंपायलर कोणी बनवायचा?

युनिक्स ही प्रणाली १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये वाढली. तिच्याबरोबर सी भाषा आणि तिचा कंपायलर आला. १९७६ मध्ये तिथेच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिले. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. कोणती फाइल बदलली आणि कोणती पुन्हा बनवायची, हे माणसाने लक्षात ठेवण्याऐवजी ‘मेक’ लक्षात ठेवू लागले.

पुढे युनिक्सचा बाजार झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सन कंपनीने सोलारिस २ ही प्रणाली आणली, तेव्हा सी कंपायलर तिच्याबरोबर न देता वेगळा विकायला ठेवला. घर विकत घ्या, स्वयंपाकघराचे पैसे निराळे, असा हा व्यवहार होता. घरात फक्त राहणाऱ्याला फरक पडला नाही. ज्याला स्वतः काही बनवायचे होते, त्याचे हात बांधले गेले.

यावर तोड काही वर्षे आधीच तयार झाली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. सर्वांना मुक्तपणे वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी संपूर्ण प्रणाली त्यांना उभारायची होती. सुरुवातीलाच अडचण आली ती कंपायलरची. ॲमस्टरडॅमच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’चा कंपायलर संच वापरता येईल का, असे त्यांनी विचारले. विद्यापीठ ‘फ्री’ असले तरी कंपायलर नाही, अशा आशयाचे उत्तर आले. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतला कंपायलर घेऊन पाहिला, पण त्याला लागणारी मेमरी त्या काळच्या यंत्रांना झेपेना. शेवटी त्यांनी नव्याने लिहायला घेतले आणि १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध झाला. सोलारिसवर कंपायलर वेगळा विकला जाऊ लागला, तेव्हा अनेकांनी याच जीसीसीचा आधार घेतला.

मुलांनी इथे मला अडवले. “सर, कंपायलर हाही प्रोग्रामच. मग तो कशाने कंपाइल केला?”

प्रश्न बिनतोड होता. लोहाराचा पहिला हातोडा कोणत्या हातोड्याने घडला, असाच तो प्रश्न आहे. जीसीसी तीन टप्प्यांत बांधतात. यंत्रात आधीपासून जो कंपायलर असेल, मग तो कसाही असो, त्याने नवा जीसीसी बनवायचा. त्या नव्या जीसीसीने पुन्हा स्वतःलाच बनवायचे. त्यातून निघालेल्याने तिसऱ्यांदा स्वतःला बनवायचे. दुसरी आणि तिसरी प्रत तंतोतंत सारखी निघाली, तर काम चोख झाले असे समजायचे. मात्र पहिल्या टप्प्यासाठी कोणाचा तरी तयार कंपायलर हवाच. गणपत कृष्णाजींचे ते लाकडी यंत्र म्हणजे हाच पहिला टप्पा.

राहिला प्रश्न वेगवेगळ्या यंत्रांचा. प्रत्येक युनिक्सची रीत निराळी असल्याने एकच सोर्स सगळीकडे चालेना. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ लिहायला घेतले. त्यातून तयार होणारी ‘कॉन्फिगर’ ही फाइल बांधकामाआधी घरभर फिरून पाहते. कंपायलर आहे का, तो चालतो का, अमुक लायब्ररी आहे का? नसेल तर थांबते आणि काय नाही ते सांगते. आमच्या खोलीत जे घडले, तो यंत्राचा बिघाड नव्हता. ती झडती होती आणि तिचा पंचनामा पडद्यावर होता.

जुहूचा गुलमोहर रस्ता

ही सारी परदेशाची हकिगत झाली. आपल्या उपनगरात याच प्रश्नावर काम झाले ते अंधेरीला लागून असलेल्या जुहूत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक मुंबईतच बांधला आणि १९६० मध्ये तो चालू झाला. त्याच संस्थेतल्या संगणक केंद्रातून १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, उभी राहिली. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर तिचे ठाणे होते. या संस्थेने आणि पवईच्या आयआयटीने १९८० च्या दशकातच एकमेकींशी ई-मेलने संपर्क साधला होता.

सामान्य मुंबईकराला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर, व्हीएसएनएलकडून. फोनच्या तारेवरून ते इतके सावकाश चाले की मोठी फाइल उतरवणे म्हणजे रात्र जागवणे. म्हणून १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा तिचे मोल मोठे होते. त्या सीडीत कंपायलरसकट सगळी हत्यारे होती.

मात्र हत्यारे आली तरी आपल्या लिप्या आल्या नव्हत्या. एनसीएसटीत र. कृ. जोशी होते. मराठीतले कवी, सुलेखनकार आणि आयआयटीत शिकवलेले प्राध्यापक. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. त्यांच्याच हातचा ‘रघु’ फाँट संस्थेने मुक्त परवान्याखाली खुला केला. तिथल्याच ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून काम केले. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. देवनागरीला तिची हत्यारे मिळत गेली.

उर्दूची वाट अधिक लांबची होती. नस्तालीकमध्ये शब्द वरून खाली तिरका उतरतो आणि अक्षराचे रूप शेजाऱ्याप्रमाणे बदलते. शिशाच्या सुट्या खिळ्यांत ती बसेना. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आल्यावर उर्दूने तीच जवळ केली, आणि मुंबई हे फारसी-उर्दू शिळाछापाचे मोठे केंद्र झाले. अगदी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबाच्या बोरूवर चालत. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी ‘नूरी नस्तालीक’ आणले, तेव्हा हजारो जोडरूपे हातांनी लिहून संगणकात घालावी लागली. कातिबाचे कष्ट त्यांनी एकदाच, पण सगळ्यांसाठी उपसले. ज्या भाषेची हत्यारे इतरांनी घडवायची असतात, तिची लेकरे नुक्ता जागेवर बसण्याची वाट पाहत राहतात. सोर्स खुला असेल तर निदान आपला हात तिथवर पोहोचतो.

आमच्या खोलीत पुढे काय झाले

शाळेत इंटरनेट नव्हते. ज्या डीव्हीडीवरून डेबियन बसवले होते, ती मी त्या विद्यार्थ्याकडून मागवली. डेबियनने बांधकामाची मूळ हत्यारे ‘बिल्ड-इसेन्शियल’ या एका नावाखाली एकत्र केली आहेत. कंपायलर, मेक आणि लागणाऱ्या हेडर फाइली एका आज्ञेत येतात. डीव्हीडी हेच भांडार आहे असे यंत्राला सांगितले आणि पहिली अडचण सुटली.

दुसरी अडचण फसवी होती. ‘कॉन्फिगर’ आता न अडखळता शेवटपर्यंत गेले. आम्ही खूश होऊन ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ केले. नंतर लिहिण्याचा प्रोग्राम उघडायला गेलो, तर तोच उघडेना. ती मुलगी पुन्हा वर गेली आणि ‘कॉन्फिगर’ने शेवटी छापलेला गोषवारा वाचू लागली. ‘फ्रीटाइप’समोर लिहिले होते ‘फॉल्स’, म्हणजे नाही. फाँट वाचणारी ती लायब्ररी यंत्रात होती, पण तिच्या हेडर फाइली नव्हत्या. हर्फबझला ती सक्तीची नसल्याने त्याने तक्रार केली नाही. तिच्याविना बांधून मोकळे झाले आणि जुन्या प्रोग्रामला नेमका तोच भाग हवा होता.

‘मेक अनइन्स्टॉल’ने केलेले उतरवले. नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजे, म्हणजे हेडर फाइलींची, डीव्हीडीवरून घातली. गोषवाऱ्यात ‘ट्रू’ आल्यावरच पुढे गेलो. नुक्ते बऱ्याच ठिकाणी सुधारले, काही ठिकाणी नाही. प्रश्नपत्रिकेतल्या दोन ओळी शेवटी मी हातानेच लिहिल्या.

त्या दिवशी मुलांनी एक कागद भिंतीवर चिकटवला. त्यावर लिहिले होते: शेवटची नाही, पहिली चूक वाचा. काय नाही ते वहीत उतरवा. ते कोणत्या पॅकेजमध्ये असते ते शोधा. चूक आली नाही तरी गोषवारा वाचा. उतरवायचे कसे ते माहीत असल्याशिवाय चढवू नका.

खाली त्या मुलीने उर्दूत आणखी एक ओळ घातली. मशीन ख़राब है, असे म्हणण्याआधी मशीन काय म्हणते ते ऐका. ‘ख़राब’च्या ‘खे’वरचा नुक्ता तिने शाईने नीट जागेवर दिला होता.

मी पुढे त्या शाळेतून बदललो. डीव्हीडी मात्र खडूंच्या खोक्याशेजारी, त्याच कपाटात ठेवून आलो.